पायरीवरचा लॅपटॉप

"हात लावू नको. तिथंच ठेव. मी टाकतो."

मी लॅपटॉप पायरीवर ठेवला. आतून अक्का, अप्पाची बायको, आली, हातात ओलं फडकं. तिनं माझ्यादेखत बटणं पुसली, झाकण पुसलं, उलटा करून खालची बाजू बी पुसली. मंग इंजिनियर अप्पानं तो मांडीवर घेतला, माझ्याकडं पाठ केली आणि पासवर्ड टाकला. मी खाली चप्पल काढून उभी. ऊन नुसतं डोक्यात शिरायलतं. चालू झालेला लॅपटॉप त्यानं परत पायरीवर ठेवला. माझ्या हातात दिला न्हाई.

"झाकण मिटू नकोस," तो म्हणला. "मिटलंस की परत यावं लागंल."

"व्हय अप्पा," मी म्हणलं.

"आणि आलीसच हाईस तर," अक्का आतनंच बोलली, "तेवढं मागलं अंगण झाडून जा."

उघडा लॅपटॉप तुळशीच्या कट्ट्यावर ठेवला आणि मी झाडू हातात घेतला. एका पासवर्डाला एक अंगण. असा भाव होता.

गाव अप्पाला अहो-जाहो करतं. मी बी करायचे. आता सांगताना करणार न्हाई.

आमचं गाव दुबलगुंडी, तालुका हुमनाबाद. आम्ही मांगवाड्यातले. बा लग्नसराईत बाजा वाजवतो, बाकीचे दिवस मिळंल ते काम करतो. आय इंजिनियर अप्पाच्या घरी अंगण झाडती, गोठा काढती. तिचा च्याचा कप त्या घरात घेत न्हाईत, बाहेर कोनाड्यात ठेवतेत. मी तवा हुमनाबादच्या कॉलेजात बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होते. अप्पा सरकारी खात्यातनं रिटायर झालेला, पोरगा बेंगळूरला मोठ्या कंपनीत. त्या पोराला कंपनीनं नवा लॅपटॉप दिला, तवा जुना भंगारात काढायचा तो त्यानं घरी आणून टाकला. अप्पानं तो मला दिला. आयजीच्या जिवावर बायजी उदार म्हणतेत, ते हेच.

तसा गुपचूप दिला असता तर एक डाव चाललं असतं. न्हाई. देवळापुढच्या मंडपात माणसं जमवून दिला. मला हार घातला. फोटो काढताना म्हणला, "खालून हात धर, वरनं न्हाई. नीट दिसाय पाहिजे." फोटोत त्याचे हात वर हायत, माझे खाली पसरलेले. तो फोटो गावभर मोबाइलवर फिरला. बा लई खूश. बाजाच्या पार्टीतल्या सगळ्यांना फोटो दाखवायलता. मी बी खूश होते, खोटं कशाला बोलू. घरात लॅपटॉप आल्ता.

दुसऱ्या दिशी कळलं, लॅपटॉप आमच्या घरात हाय, पण त्याची किल्ली त्या घरात. उघडला की अप्पाच्या पोराचं नाव आणि त्याच्याखाली पासवर्डाची रिकामी पट्टी. मी अप्पाला इचारायला गेले. तो म्हणला, "पासवर्ड कुणाला द्यायचा नसतो. त्यात आमच्या पोराचे कागद हायत. तू येत जा, मी टाकून देत जाईन." कॉलेजातली मैत्रीण म्हणली, दुकानात नेऊन सगळं पुसून नव्यानं चालू करून घे. तेबी अप्पाला इचारलं. तो डोळे वटारून म्हणला, "दुकानात नेलास तर परत घेईन. दिलाय म्हणून तुझा झाला काय?"

बा सांगतो, त्याच्या लहानपणी आमच्या लोकांना विहिरीला हात लावता येत न्हवता. वरच्या आळीची बाई वरून पाणी ओतायची, आमची बाई खाली घागर धरायची. मी बाला म्हणायचे, ते जुनं झालं बा, आता नळ आलाय. नळ आला. पासवर्ड मात्र वरनंच ओतायलेत.

मंग आमच्या घरात एक नवं सुरू झालं. लॅपटॉप बंद होऊ द्यायचा न्हाई. त्याची बॅटरी मेल्यातच जमा, नव्यानं चालू केला की वरच्या आळीतनं घरी येईस्तोवर कशीबशी धरायची, पण चालत्यात वायर निघाली की गेला. झाकणाची बिजागरी मोडलेली, म्हणून ज्वारीच्या डब्याला टेकवून ठेवायचा. दिवसभर चालू, रातभर चालू. आतला पंखा असा घरघरायचा की पिठाची गिरणी बरी. आय पोचारा घ्यायची तर वायरीपासनं हातभर लांब. धाकट्या बहिणीला सांगून ठेवलेलं, खेळताना त्या कोपऱ्यात जायचं न्हाई. पाव्हणे आले की आधी वायर दाखवायची, मंग पाणी द्यायचं. बा म्हणायचा, "तान्ह्या लेकरावानी झालंय ह्याचं." सगळं घर त्या खोक्याची चाकरी करायलतं.

आणि गावात लाईट जायची. जाणारच की. लाईट गेली की आमच्या घरात सगळी एकदम "गेला!" म्हणून वरडायची. लाईट आली की मी लॅपटॉप छातीशी धरून वरच्या आळीला. अप्पा झोपला असंल तर थांबायचं. पूजेला बसला असंल तर थांबायचं. अक्काला काम आठवायचंच. कधी अंगण, कधी शेणाची पाटी, कधी जोंधळ्याचं वाळवण राखत बसायचं. आयला त्या कामाचे पैसे तरी मिळायचे, मला लॅपटॉप चालू करून मिळायचा. आय म्हणायची, "एवढं काय झिजतीस? चार हात झाडू मारलास तर मरायलीस व्हय?" तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय.

आता त्या रविवारचं सांगते.

हैदराबादच्या एका कंपनीची नोकरी होती. घरी बसून काम. गिऱ्हाइकांशी कन्नडात, मराठीत बोलायचं, त्यांच्या तक्रारी लिहून घ्यायच्या. आमच्या भागातल्या पोरीला अशी नोकरी म्हणजे काय, हे आमच्या भागातल्यालाच कळंल. कन्नड येतं, मराठी येतं, हिंदी येतं, आणि ह्या तिन्हीला आजवर कुणी इचारलं न्हवतं. फोनवरची मुलाखत मी पास झाल्ते. उरली होती परीक्षा, लॅपटॉपवर, कॅमेऱ्यापुढं बसून. मोबाइलवर चालत न्हवती. सकाळी डोक्यावरनं पाणी घेतलं, चांगला ड्रेस घातला, भिंतीवरची कपड्यांची दोरी काढली. बहिणीला शेजारी पाठवलं. आय सकाळीच अप्पाकडं गेल्ती, त्यांच्या नातीचं बारसं होतं.

परीक्षेला थोडा वेळ उरलेला आणि लाईट गेली. लगेच आली बी. पण लॅपटॉप गेलाच.

मी ओढणीत गुंडाळला आणि पळाले. चप्पल एकीकडं, मी एकीकडं.

अप्पाच्या दारात मांडव. पंगत नुकती उठलेली. अप्पा पाव्हण्यांत बसलेला, तोंडात पान. मी पायरीपाशी जाऊन म्हणलं, "अप्पा, माझी परीक्षा हाय. नोकरीची. पासवर्ड टाका."

"तडी, तडी," तो म्हणला. थांब, थांब. आणि पाव्हण्यांकडं वळला. "ही आपल्या झाडणाऱ्या बाईची पोरगी. लॅपटॉप आपणच दिलाय हिला. शिकवायलाव."

एक पाव्हणा दात कोरीत म्हणला, "वा वा! मंग आता शेणाचा हिशोब कॉम्प्युटरवर!"

सगळे हसले. अप्पा बी हसला. लई हसला.

"अप्पा, टाइम व्हायलाय," मी म्हणलं.

"टाकतो की. पळून जायलाय काय पासवर्ड? दुसरी पंगत बसायचीय. आधी तेवढ्या पत्रावळ्या उचल. तुझी आय एकटीच हाय."

मी आयकडं बघितलं. ती मांडवाच्या त्या टोकाला, कडेवर उष्ट्या पत्रावळ्यांची चळत, पदर खोचलेला. मला वाटलं, आता ही बोलंल. एवढं तरी म्हणंल की, अप्पा, पोरीची परीक्षा हाय, मी उचलते, तिला जाऊ द्या.

आय म्हणली, "उचल बाई. मंग टाकतेत."

मी उचलल्या. परीक्षेचा ड्रेस घालून उचलल्या. आमटीत भिजलेला भात, होळगीचे, म्हणजे पुरणपोळीचे, तुकडे, कुणी चघळून टाकलेली शेवग्याची शेंग. वाकले की ओढणी उष्ट्यात लोळायची. पाव्हणे बघायलते. आणि मला रडू येत न्हवतं. आतून नुसता जाळ. उचलून झाल्यावर हात धुवायला नळाकडं गेले तर अक्का वरडली, "त्यो न्हाई, त्यो न्हाई! गोठ्यातला!" गोठ्यातल्या नळाला हात धुतले. मंग फडकं आलं, लॅपटॉप पुसला गेला, अप्पानं पाठ केली, बोटं चालवली.

घरी येऊन परीक्षेचं पान उघडलं. वेळ संपली म्हणून लिहून आलेलं. खाली कंपनीचे आभार.

मी त्या पानाकडं बघत बसले. पंखा घरघर घरघर. वर अप्पाच्या पोराचं नाव. माझ्या घरात, माझ्या ज्वारीच्या डब्याला टेकून, त्याचं नाव. मंग मी उठले आणि वायर उपटली. माझ्या हातानं. इतके महिने जिला आम्ही देवावानी जपलं ती वायर उपटून फेकली. घर एकदम गप्प झालं.

सांजच्याला आय आली. पदरात होळगीचं पुडकं. लॅपटॉप काळा बघून घाबरली. "बंद कामून केलीस गं? आता परत जावं लागंल की."

"न्हाई जायचं," मी म्हणलं. "आजपासून न्हाई. आणि ते उष्टं बी घरात आणायचं न्हाई."

"उष्टं न्हाई, उरलेलं हाय. लई शानी झालीस व्हय? धर्माच्या गाईचे दात मोजतीस?"

"दात न्हाई मोजत, आये. दावं बघायले. दावं त्यांच्या हातात हाय."

तिनं पुडकं चुलीपाशी आपटलं आणि म्हणली, माझं लग्न लवकर उरकून टाकलं पाहिजे. आम्ही बरेच दिवस धड बोललो न्हाई.

कॉलेजातली शेवटची परीक्षा झाली, कॉलेज संपलं. मी हुमनाबादच्या इंडस्ट्रियल एरियात लागले, बिस्किटाचे पुडे खोक्यात भरायला. सकाळच्या बसनं जायचं, दिवसभर उभं. का, तर मला नवा लॅपटॉप घ्यायचा होता. त्या एकाच गोष्टीसाठी.

गावात कळलं आणि सगळ्यांना सल्ला सुचला. जुना घे की, नव्याच्या पैशात दोन येतेत. मोबाइल हाय की, लॅपटॉप काय करायचाय? शिलाई मशीन घे, पोटाला लागती. चुलता म्हणला, "अप्पाचं मन मोडू नको. उद्या काही लागलं तर कुणाच्या दारात जाशील?" मी म्हणलं, "त्याच्यासाठीच घ्यायलेय, काका. कुणाच्या दारात जावं लागू नये म्हणून."

आम्ही जन्मापासनं उतरलेलंच वापरलं. साडी कुणाची तरी उतरलेली, दप्तर कुणाचं तरी फाटलेलं, पुस्तकावर आधीच्या पोराचं नाव खोडलेलं. वस्तू आमच्याकडं येती ती तिचा जीव गेल्यावर. आणि वरनं उपकार. म्हणून मला नवाच पाहिजे होता. सील आम्हीच फोडायचं. आणि टिकणारा पाहिजे होता. अप्पाच्या पोराला कंटाळा आला की तो दुसरा घेतो. आमच्या घरात वस्तू एकदाच येती. माझ्या मागं बहीण शिकायचीय. जमीन सारवलेली, उंदीर हायत, लाईट कमी-जास्त होती, खेळता खेळता कुणाचा पाय पडंल. असल्या घरात जो टिकंल तो.

पैसे साठल्यावर हुमनाबादला दुकानात गेले तवा आय संगं आली. बोलत न्हवती, पण आली. "एकटीला फसवतेत," एवढंच म्हणली. दुकान हायवेवर, बाहेर लॉऱ्यांची रांग, आत काचेचं दार आणि गारवा. आयनं दाराबाहेर चप्पल काढली. मी म्हणलं, घाल. सगळे घालून जायलेत. तिनं घातली न्हाई, हातात धरली.

काउंटरवरच्या पोरानं आम्हाला वरपासनं खालपर्यंत बघितलं. "कुणाच्या घरून आलाय? साहेबांनी चिठ्ठी दिलीय?"

"आमच्याच घरून आलाव," मी म्हणलं. "लॅपटॉप बघायचाय. घरात रोज वापरायला."

त्यानं आम्हाला मागच्या कोपऱ्यात नेलं. तिथं वापरलेले ठेवलेले, पॉलिश मारून. "हे बघा. तुमच्यासाठी हे बस."

"नवा दाखवा."

"नवा कशाला अक्का? काय पिक्चर बघणार, गाणी ऐकणार. इथं लोक येतेत, हात लावून लावून जातेत, घेत न्हाईत."

"नवा दाखवा," मी परत म्हणलं.

गल्ल्यावरचा मालक मोबाइलमधनं डोकं न काढता कन्नडात म्हणला, "बिडो, टाइमपास." सोड रे. मला कन्नड कळत न्हाई असं त्याला वाटलं न्हाई. आमच्याकडं सगळ्यांनाच कळतं. कळलं तर कळू दे, हिला काय, असं त्याला वाटलं.

मी बी कन्नडातच म्हणलं, "बिडब्याड्री. तोरसरी." सोडू नका. दाखवा.

मालकानं मान वर केली. पोरगं नवे असलेल्या फळीकडं गेलं. एक चंदेरी, पातळ, चकचकीत काढला. मी हात पुढं केला तर म्हणतो कसा, "हात लावू नका. मी दाखवतो."

मस्तकात गेली माझ्या. तेच शब्द. वेगळं गाव, वेगळा माणूस, शब्द तेच.

"हात लावणार," मी म्हणलं. सगळ्या दुकानाला ऐकू गेलं. "विकत घ्यायलेय. फुकट न्हाई मागायले. ज्याला हात लावायचा न्हाई तो मला नको. झाकण मी उघडणार, मी मिटणार, बटणं मी दाबणार. न्हाई जमत तर पाटी लावा बाहेर, कुणी लावायचा आणि कुणी न्हाई."

आयनं माझा दंड धरला. मी दंड सोडवून घेतला आणि झाकण उघडलं.

चंदेरी दिसायला झ्याक होता. पण झाकण एका कोपऱ्याला धरलं की पापडावानी वाकायचं. मी इचारलं, ह्याची बॅटरी मेली तर इथंच बदलून मिळंल का? पोरगं म्हणलं, कलबुर्गीला पाठवावं लागतं, तिथनं कुठं ते माहीत न्हाई. नको. दुसऱ्याची बटणं मऊ होती, पण एक जरी गेलं तर सगळी पाटी बदला म्हणला. नको. तिसऱ्यात जादा मेमरी टाकायला जागाच न्हवती, जसा घेतला तसाच शेवटपर्यंत. पोरगं वैतागलं. मालक बोटं वाजवायला लागला. वाजव म्हणलं मनात. आजवर तुमच्या पायऱ्यांवर आम्ही थांबलाव, आज तू थांब.

शेवटी खालच्या फळीवरचा एक काढायला लावला. काळा, जाड, वजनदार. बिजागरी घट्ट, झाकण जिथं सोडावं तिथंच थांबणारं. खाली साधे स्क्रू, उघडून बॅटरी बदलता येती, मेमरी वाढवता येती. बटणांवर पाणी सांडलं तर लगेच आत जात न्हाई. दुरुस्ती हुमनाबादलाच.

"ह्यो ऑफिसवाले घेतेत," पोरगं म्हणलं. "लेडीजला आवडत न्हाई. दिसायला बरा न्हाई."

"मला आवडला," मी म्हणलं. "सील मी फोडणार."

मालकानं पावतीपुस्तक ओढलं. "नाव?"

आणि मी तोंड उघडायच्या आत आय बोलली. "इंजिनियर अप्पाचं लिवा. दुबलगुंडी."

तिचा बी काय दोष म्हणू. आमच्या वाड्यात हीच रीत. दवाखान्यात, ब्यांकेत, गॅसच्या आफिसात, कुठंबी नाव इचारलं की आधी मोठ्या घराचं सांगायचं, मंग आपलं काम व्हतं. तिच्या तोंडाला तेच वळण.

मालकाचं तोंड एकदम उजळलं. "अरे, अप्पाकडचे काय! आधी सांगायचं की, अम्मा! ए, खुर्ची आण रे. च्या घेणार?"

आयसाठी खुर्ची आली. इतका वेळ ती बाई अनवाणी, हातात चप्पल धरून उभी होती. कुणाला खुर्ची सुचली न्हवती. अप्पाचं नाव निघालं आणि आली. मला त्या खुर्चीची शिसारी आली.

"खोडा ते नाव," मी म्हणलं. "माझ्या आयचं नाव लिहा."

"असू द्या हो अक्का. अप्पाचं नाव असलं की वॉरंटीला बरं पडतं. ओळखीचं काम."

"वॉरंटी मशीनची हाय का अप्पाची?"

त्यानं पान फाडलं, नवं लिहिलं. मी आयचं नाव सांगितलं, बाचं नाव, मांगवाडा म्हणून पत्ता सांगितला, मोठ्यानं. मंग आयला म्हणलं, "आता बस, आये. आता तुझ्या नावानं हाय खुर्ची." ती बसली न्हाई. उभीच राहिली. पासवर्ड टाकायला पोरानं लॅपटॉप आपल्याकडं वळवला, तो मी परत माझ्याकडं वळवला.

दुसऱ्या दिशी सकाळी जुना घेऊन अप्पाकडं गेले. आय तिथं अंगण झाडायलती. अप्पा पडवीत पेपर वाचत बसलेला. मी पायरीपाशी थांबले न्हाई. चप्पल घातलेल्या पायानं पायरी चढले, पडवीत गेले आणि लॅपटॉप त्याच्या पेपरावर ठेवला. अक्का आतनं वरडायली, "अगं, अगं, खाली! खाली!"

"हे काय?" अप्पा म्हणला.

"तुमचं तुम्हाला. आम्ही नवा घेतला."

"नवा? कुणी दिला?"

"कुणी दिला न्हाई. घेतला."

एवढं साधं वाक्य, पण त्याला ते कळंना. मंग तोंड लाल झालं. "माज आलाय. खाल्ल्या ताटात घाण करणारी जात. उद्यापासून तुझ्या आयला येऊ नको म्हणू काय?"

"म्हणा," मी म्हणलं.

आणि मागनं आय पळत आली. हातात झाडू तसाच. "अप्पा, लेकरू हाय. मनावर घेऊ नका. मी सांगते तिला." माझ्याकडं बघितलं बी न्हाई. वाकली आणि माझ्या चपलेची माती त्यांच्या पडवीतनं पदरानं पुसायला लागली.

अप्पा हसला. "बघ," म्हणला. "शिक काही तरी तुझ्या आयकडनं."

ते हसणं मी कधी इसरणार न्हाई. पत्रावळ्या उचलल्या तवा जळलं नसंल तेवढं त्या पदरानं जळलं.

आता मी घरीच काम करते. ती नोकरी न्हाई, दुसरी हाय, छोटी हाय. लाईट गेली तरी लॅपटॉप चालतो. वाड्यातल्या पोरी येतेत, ज्यांना शिकायचंय त्या शिकतेत, कुणाला अंगण झाडावं लागत न्हाई. पण कुणी म्हणलं की बाई, जिंकलीस, तर मला राग येतो. काय जिंकले? आय अजून रोज सकाळी त्याच अंगणात जाती. आम्ही रोज भांडताव. ती म्हणती, "तुझ्या नोकरीचा काय भरवसा? अप्पाचं घर कायमचं हाय."

कायमचं न्हाई, आये. मी त्या घराला माफ करणार न्हाई आणि तुला तिथं मरू बी देणार न्हाई. तू शिव्या दे, रड, माझ्याशी बोलू नको. पण एक दिवस त्या अंगणातनं तुझ्या हातातला झाडू मी हिसकून घेणार हाय. त्याला इचारून न्हाई. तुला इचारून बी न्हाई.